चिकाची पावडर

मोहोपाड्याच्या रंगाच्या कंपनीत आज काय शिजलं, हे इंदूबाईला मोरीवरून कळायचं. तिचा नवरा धाकलू पाळी संपवून घरी यायचा, डोक्यावरून तांब्या ओतायचा आणि मोरीतून कधी जांभळं पाणी जायचं, कधी हळदीसारखं पिवळं. शेजारची अंबाबाई आपल्या अंगणातून ते वाहताना बघायची आणि म्हणायची, "इंदे, तुज्या घरी बारमाही शिमगा हाय गं."

धाकलू कंपनीत ड्रायरवर होता. ड्रायर म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तरी डोकं वर निघणार नाही, एवढं उंच पत्र्याचं पिंप. वरून पातळ रंगाचा बारीक फवारा सोडायचा, आत गरम हवा घुमवायची. थेंब खाली पडेपर्यंत सुकायचा आणि बुडाशी कोरडी भुकटी जमायची. वर्षानुवर्षं हेच बघून धाकलूच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. देवानं जगात जे जे पातळ केलंय, ते त्याच्या हातून अर्धवट राहिलंय. खरं म्हणजे त्याची पावडर व्हायची होती. घरात ताक घुसळलं तरी तो मडक्यात डोकावून म्हणायचा, "याची पावडर होईल." पावसाळ्यात पाताळगंगा दुथडी भरून वाहत असताना तो काठावर उभा राहून काय विचार करत होता, ते इंदूबाईनं मुद्दाम विचारलं नाही.

चौऱ्याऐंशी साली कंपनीनं तो विभागच बंद केला. साहेबांनी भाषण केलं, कामगार म्हणजे कंपनीचा कणा असं सांगितलं आणि कण्याला हार, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. घड्याळ पहिल्याच आठवड्यात बंद पडलं. धाकलू मात्र चालू झाला.

इंदूबाईचा धाकटा भाऊ सहदेव कुंभिवलीला हायवेवर हॉटेल चालवायचा. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक कढई आणि मागे कोंबड्यांची लांबलचक शेड. कोंबड्यांमध्ये रोग आला, कोंबड्या गेल्या, शेड राहिली. सहदेव स्वभावानं फार चांगला. जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटायचं.

एका दुपारी मुंबईची एक फियाट तिथं थांबली. धाकलू कोपऱ्यात चहा पीत बसला होता. गाडीतल्या बाईंनी गॉगल वर करून विचारलं, "खरवस आहे का?"

"गाय व्याली तर असतो, बाई," सहदेव म्हणाला.

"मग कधी व्यायची आहे?"

"गायीनं अजून सांगितलं नाय."

बाई चिडल्या. "कमाल आहे! गुलाबजाम पाकिटात मिळतात, इडली पाकिटात मिळते. खरवस मिळायला काय हरकत आहे?"

बाई वडा खाऊन गेल्या, तो प्रश्न विसरूनही गेल्या असतील. पण धाकलूनं ग्लास खाली ठेवला तो पुन्हा उचललाच नाही.

संध्याकाळी घरी बैठक बसली. गाय व्याल्यावर पहिले दोन-तीन दिवस जो घट्ट, पिवळसर चीक निघतो, तो गोळा करायचा, त्याची पावडर करायची आणि पाकिटात भरायची. गिऱ्हाइकानं दूध-साखर घालून वाफवलं की खरवस तयार. सहदेवला पटलं, कारण धाकलू शेवटी बोलला होता.

इंदूबाईनं डोळे बारीक केले. "अवं, पन चीक तापवला की थिजतो. म्हनून तर त्याचा खरवस होतो. तुमची पावडर तापवल्याबिगर कशी व्हायची?"

"ते तुज्या चुलीवर गं," धाकलू म्हणाला. "ड्रायरमधी त्याला थिजायला टायमच मिळत नाय. थिजू काय, असा इचार करेपर्यंत तो सुकलेला असतो."

"आनि न्हाई सुकला तर?"

"तुला आमी सुपरवायझर करतोय. चीक गोळा करायचं सगळं खातं तुज्याकडं."

इंदूबाईची शंका फिटली नव्हती. पण एवढं मोठं पद चालून आल्यावर शंका काढत बसणं तिला बरं दिसेना.

ड्रायर आला तो पुण्याकडच्या एका बुडालेल्या डेअरीतून. जी डेअरी दुधाची पावडर करता करता बुडाली, तिचंच यंत्र आणणं हा अपशकुन आहे असं कुणाच्या मनात आलं असेल, तर त्यानं ते बोलून दाखवलं नाही. पिंप शेडपेक्षा उंच निघालं म्हणून छपराला भोक पाडावं लागलं. मग त्यातून वर आलेलं त्याचं डोकं हायवेवरून दिसायला लागलं आणि सहदेव येणाऱ्याजाणाऱ्याला "आमची फॅक्टरी" म्हणून ते दाखवू लागला.

आता राहिला चीक. गावात चीक कुणी विकत नसे. गाय व्याली की देवाला वाहायचा, मग चार घरी तांब्या-तांब्या पोचवायचा, आणि त्या घरांनी तांब्या परत देताना तो रिकामा द्यायचा नाही, मूठभर तांदूळ घालून द्यायचा. चीक विकला तर गाय आटते, असं सगळे मानत. सगळ्यात मोठ्यानं अंबाबाई मानायची. म्हणून इंदूबाई पहिल्यांदा तिच्याकडेच गेली, आणि जाताना पिशवीतून स्टीलचा एक लखलखीत डबा घेऊन गेली.

"इकायचा? चीक?" अंबाबाईनं कानांना हात लावले. "नरकात जाशील गं इंदे."

"काकी, मी कुटं इकत मागतेय? तू मला चीक देतेस, मी तुला भेट देते. आयेर समज."

अंबाबाईनं डब्याला टिचकी मारून आवाज ऐकला. "झाकन घट्ट बसतं काय?"

"बसतं की."

"मग आयेराला काय," अंबाबाई म्हणाली. धर्म बुडता बुडता वाचला.

त्या दिवसापासून पंचक्रोशीतलं सगळं पाप स्टीलच्या भांड्यांत सुखानं मावू लागलं. एका वेळच्या चिकाला वाटी, दिवसाच्या चिकाला डबा, दोन दिवसांच्या चिकाला कळशी. कुणाची गाय गाभण, कितवा महिना, पाठीचा माकडहाडाजवळचा भाग बसला की नाही, हे इंदूबाईला तोंडपाठ झालं. घरच्या सुनांना सातव्या महिन्यातही कुणी विचारलं नव्हतं एवढी गायींची चौकशी होऊ लागली. सहदेवच्या टेंपोत पुढच्या सीटवर बसून, मांडीवर किटली घेऊन ती गावोगाव फिरायची. बाया तिला "मॅडम" म्हणायच्या. "काय गं, मॅडम काय!" असं ती म्हणायची खरी, पण एखादी नुसतं "इंदे" म्हणाली तर तिच्या चिकात हमखास पाणी निघायचं.

उद्घाटनाला सरपंच विठू पाटील आले. बर्फाच्या लाद्यांत ठेवलेला चीक बाहेर काढला. फडक्यातून गाळला. हातानं फिरवायच्या यंत्रातून त्याची मलई काढली, कारण मलई राहिली तर पावडर खवट होते. आता तो नुसता कोमट करायचा आणि पंपानं वर चढवायचा. कोमट म्हणजे करंगळी बुडवली तर बरं वाटेल एवढाच, हे धाकलूनं सगळ्यांना बजावून सांगितलं. मग सरपंच बोलायला उठले.

सरपंचांनी कुंभिवलीपासून सुरुवात केली, दिल्लीला गेले, तिथून इंग्लंडला पोचले. इंग्लंडची राणी आपल्या गावचा खरवस कशी मागून घेईल ते सांगताना त्यांनी उपरणं डोळ्यांना लावलं. धाकलूनंही सदऱ्याची बाही लावली. भट्टीवरच्या पातेल्याकडे बघायचं भान कुणालाच राहिलं नाही. टाळ्या संपल्यावर धाकलूनं बटण दाबलं. पंप एकदा कण्हला, पाइप बकरं गिळलेल्या अजगरासारखा थरथरला आणि सगळं गप्प झालं.

पाइपाचा जोड उघडला तेव्हा आतून पांढुरकी-पिवळी, गुळगुळीत कांडी सावकाश बाहेर आली. पाइपाच्या अगदी मापात. सरपंचांनी तुकडा मोडून तोंडात टाकला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"साखर कमी हाय," सरपंच म्हणाले.

सहदेवनं पळत जाऊन साखर आणली. पाहुण्यांनी सगळा पाइप रिकामा केला. कारखाना असावा तर असा, यंत्रातून तयार माल निघतो, असं म्हणत मंडळी तृप्त होऊन गेली. धाकलू मात्र ड्रायरला टेकून बसला होता आणि त्यानं एक कांडीही खाल्ली नाही. इंदूबाईला त्याला खूप बोलायचं होतं. पण त्याचा चेहरा बघून ती गुपचूप पाइप धुवायला बसली.

त्यानंतर धाकलू शेडमध्येच राहायला गेल्यासारखा झाला. चीक मलई काढलेल्या दुधानं पातळ करून बघितला. हवा कमी तापवली तर ओला लगदा यायचा, जास्त तापवली तर करपट वास. ज्या दिवशी ते जमलं त्या दिवशी इंदूबाई नुकतीच किटली घेऊन आली होती. पिंपाच्या बुडाशी धाकलू गुडघ्यांवर बसला होता आणि त्याच्या ओंजळीत फिकट पिवळं, पिठासारखं मऊ काहीतरी होतं. भुवयांवर, पापण्यांवरही तेच. तिनं चिमूट जिभेवर ठेवली. ती विरघळली आणि तिला गाय व्याल्यानंतरच्या सकाळचा गोठा आठवला, अगदी वासासकट.

"झाली गं," धाकलू म्हणाला. एवढंच. तिनं पदरानं त्याचे डोळे पुसले, आणि ते पावडरमुळे ओले झालेत असं दोघंही धरून चालली.

दुसऱ्या दिवशी त्या पावडरीचा खरवस लावला. वाफवला, थांबले, पुन्हा वाफवला. पातेलं कलतं केलं तर खरवस ताटातल्या पाण्यासारखा इकडून तिकडे गेला. एकदा गरम हवेतून गेलेल्या चिकाला पुन्हा थिजायची हौस उरली नव्हती.

"याला खीर म्हनू काय?" सहदेवनं विचारलं.

धाकलू दोन दिवस ड्रायरभोवती फिरत राहिला. तिसऱ्या दिवशी तो खोपोलीच्या बाजारातून चायना ग्रास घेऊन आला, म्हणजे जेली थिजवतात ती पांढरी पूड. खरवस असा थिजला की सुरी मागावी लागली. मग चव थोडी वाढवायला दुधाची पावडर आली, वास यायला वेलची आली, रंग यायला पिवळा रंग आला. एकेकाला जागा करून देता देता चीक बिचारा मागे सरकत गेला आणि शेवटी पाकिटावरच्या नावात राहिला. नाव ठेवलं होतं 'इंदू इन्स्टंट खरवस'. त्याखाली 'शुद्ध चिकाची पावडर' आणि त्याखाली गाय. गाय मात्र शंभर टक्के गाय होती.

"यात चीक किती हाय वो?" इंदूबाईनं एकदा विचारलं.

"हाय ना. चवीपुरता."

"मिठासारका?"

"मिठाएवढा नाय," धाकलू प्रामाणिकपणे म्हणाला.

पाकिटं खपली. अशी खपली की हायवेवरची हॉटेलं मागून नेऊ लागली. मुंबईच्या बायका डोळे मिटून म्हणायच्या, "अगदी गावाकडची चव!" एका चिमटीनं काम भागत होतं तरी पाकिटंच इतकी झाली की चीक पुरेना. मग इंदूबाईनं कळशीच्याही वरची भेट म्हणून हंडा ठेवला. पहिल्या दिवसाचा सगळा चीक, थेंब न राखता दिला तर हंडा.

बायांनी थेंब राखला नाही. वासरांना तांदळाची पेज पाजली. काही दिवसांनी खालच्या आळीत वासरं ढाळ लागून आडवी पडू लागली. दोन गेली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं रसायनीच्या कारखान्यांचा धूर. इंदूबाईही म्हणाली, "हवाच वाईट हाय यंदा." आणि आडव्या पडलेल्या वासरांकडे न बघता टेंपोत बसली.

मग अंबाबाईची गाय व्याली. अंबाबाईला नातीच्या लग्नात रुखवतावर मांडायला हंडा हवा होता. तिनं सड पिळून पिळून चीक दिला, हंडा उन्हात फिरवून बघितला आणि वासराला पेज दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वासरू मान टाकून पडलं. पोरगा खालापूरला धावला आणि गुरांच्या डॉक्टरांना स्कूटरवर घेऊन आला. गोठ्यापुढे माणसं जमली. धाकलू आणि सहदेवही आले.

डॉक्टरांनी वासराचे डोळे बघितले, पोट दाबलं. "चीक पाजलात ना?"

अंबाबाई हंड्यापुढे उभी राहिली, तो दिसू नये म्हणून.

"अहो, वासरू जन्मतं ते रोगाशी लढायचं बळ घेऊन येत नाही. ते बळ पहिल्या चिकातून मिळतं. वेळ जवळजवळ गेलीच आहे. आत्ताच्या आत्ता कुठून तरी मिळाला तर बघा, उद्या त्याचा काही उपयोग नाही."

"डॉक्टर, पावडर हाय की!" धाकलू पुढे झाला. खिशात पाकीट असायचंच. डॉक्टरांनी ते वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"शुद्ध चिकाची पावडर? आपल्या खालापुरात? परदेशात वासरांना देतात अशी पावडर, मी वाचलंय. वा! कोमट पाण्यात कालवा आणि पाजा."

धाकलूची छाती अशी फुगली की आत काय भरलंय ते तो स्वतःच विसरला. इंग्लंडच्या राणीच्या आधी डॉक्टरांनी मान्यता दिली होती. अंबाबाईनं पाकीट घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण त्यावर कुणाचं नाव आहे ते अख्ख्या गावाला माहीत होतं. ती इंदूबाईकडे वळली.

"इंदे, तुजं नाव हाय यावर. पाजू?"

इंदूबाईनं वासराकडे बघितलं. त्याच्या नाकावर माशी बसली होती आणि ती उडवायलाही ते मान हलवत नव्हतं.

"नको काकी," ती म्हणाली. "त्यात चीक नाय."

"मंग काय हाय?"

"चायना ग्रास. दुधाची पावडर. वेलची."

"थोडा हाय गं!" धाकलू कळवळून म्हणाला.

डॉक्टरांनी पाकीट परत घेतलं, उलटंसुलटं केलं. "मग हे आहे तरी काय?"

"खरवस," सहदेव म्हणाला. कुणीतरी उत्तर द्यायला हवंच होतं.

पण इंदूबाई तोवर घरी पोचली होती. तिची स्वतःची तांबू त्याच पहाटे व्याली होती. सुपरवायझरच्या गोठ्यातून चीक आला नाही तर लोक काय म्हणतील, म्हणून तिनं सगळ्यात आधी स्वतःचीच गाय पिळली होती. किटली बर्फात ठेवलेली होती आणि तांबूचं वासरू खुंट्याशी ओलं अंग घेऊन उभं होतं, आईच्या रिकाम्या सडांना ढुशा देत. तिनं किटली उचलली. कोमट पाण्याच्या घंगाळात धरली. करंगळी बुडवून बघितली आणि आधी त्या वासराला पाजलं, बोट चोखायला देत, घोट घोट. मग उरलेली किटली कमरेवर घेऊन अंगणाबाहेर पडली.

वाटेत धाकलू आडवा आला. "अगं, मुंबईचा मोठा व्यापारी उद्या आपला माल बघायला येनार हाय. आजचा खरा चीक त्याच्यासाठी ठेवला होता मी. मग त्याला काय दाखवू?"

"वासराची पावडर करा न् दाखवा," इंदूबाई म्हणाली. धाकलू बाजूला झाला.

अंबाबाईच्या वासराला चोखायचंही त्राण नव्हतं. डॉक्टरांनी जबडा उघडून धरला, इंदूबाईनं बाटलीनं थेंब थेंब सोडला. दिवसभर ती तिथंच मातीत बसून होती. जेवायला ये म्हणून कुणी बोलावलं नाही आणि तिनंही अपेक्षा केली नाही. उन्हं कलली तेव्हा वासरानं मान उचलली आणि तिच्या लुगड्याचा काठ तोंडात धरला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं किटली हातात धरली नाही. सहदेव टेंपो घेऊन दारात उभा राहिला तर ती म्हणाली, "मॅडम वारल्या." पाकिटावरचं नाव काढून टाका म्हणून ती धाकलूच्या मागे लागली आणि ते निघेपर्यंत तिनं त्याच्याशी भाकरी वाढण्यापुरतंच बोलणं ठेवलं. चीक येणं बंद झालं. आता पाकिटात उरलं चायना ग्रास, दुधाची पावडर, वेलची आणि गायीचं चित्र. धाकलू आठवडाभर जीव मुठीत धरून बसला, की आता गिऱ्हाइकं पाकिटं तोंडावर फेकणार. गिऱ्हाइकं आली. पूर्वी किंचित गायीसारखा वास यायचा, तो गेला हे फार छान झालं, असं म्हणून दुप्पट पाकिटं घेऊन गेली.

धंदा बुडाला असता तर धाकलूनं सोसलं असतं. एवढ्या हिकमतीनं, रात्रंदिवस खपून बनवलेली आपली पावडर जगात कुणालाच नको होती, हे त्याला सोसेना. तो मिसळणीचं काम सहदेववर टाकून ड्रायरजवळ जाऊन बसायचा, हवा गार असतानाही.

अंबाबाईचं वासरू वाचलं. पावसाळ्याच्या तोंडाला ते चांगलं उड्या मारायला लागलं आणि कुंपण ओलांडून इंदूबाईच्या परसात घुसून तिची वांग्याची रोपं खाऊ लागलं. एकदा इंदूबाई त्याला हाकलत असताना अंबाबाई काठी टेकत आली. उपकाराचा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. आज निघेल असं इंदूबाईला उगाच वाटलं.

अंबाबाईनं वासराच्या पाठीवरून हात फिरवला, फासळ्या चाचपल्या आणि नाक मुरडलं. "व्हावं तसं भरलं नाय गं अंग. तुज्या तांबूचा चीक पातळच असनार."

इंदूबाईच्या जिभेवर उत्तर आलं होतं, चांगलं धारदार. तिनं ते गिळलं. वासरू तोवर पुन्हा रोपांकडे वळलं होतं. तिनं एक वांग्याचं रोप मुळासकट उपटलं आणि त्याच्यापुढे टाकलं.